गोळा परत करायचा असतो

दादाने फोनवर पहिल्यांदा कुलपाचा विषय काढला तेव्हा मी बाबांचा चहा गाळत होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो सहा तासांच्या अंतरावर राहतो आणि आमच्या घरातले सगळे निर्णय तिथूनच घेतो.

"बाहेरच्या दाराला आतून नंबरांचं कुलूप बसवू," तो म्हणाला. "नंबर फक्त तुला माहीत. बाबांना सांगायचा नाही."

"म्हणजे बाबांना घरात कोंडायचं."

"कोंडायचं नाही ग. जपायचं."

"कोंडून जपायचं."

तो चिडला. मीही चिडले. चहा कपात कमी आणि ओट्यावर जास्त पडला.

त्याचं अगदीच चूक नव्हतं, तेच तर मला झोंबलं. आठवड्यापूर्वी बाबा नेहमीसारखे चार वाजता पाय मोकळे करायला म्हणून निघाले आणि दिवेलागणीला गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या बस डेपोत सापडले. तिथल्या खिडकीवरच्या माणसाला ते अगदी शांतपणे विचारत होते की चार-वीसची गाडी आज किती लेट आहे. तो माणूस भला होता. त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून मला फोन केला. चिठ्ठी अर्थात मीच घालून ठेवली होती.

"पुढच्या महिनाअखेरच्या शनिवारी येतो मी, कुलूप घेऊन," दादा म्हणाला. "तोवर तुला दुसरा काही इलाज सापडला तर बघू."

हातात साडेचार आठवडे होते. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या दारांना कुलपं लावण्यात गेलेलं, आणि आता स्वतःच्या घरच्या एका कुलपापाशी मी अडले.

दुसऱ्यांची दारं म्हणजे काय ते सांगते. मी ज्या कंपनीत आहे ती औषधांची गोदामं चालवते. गोदामांत मिळून चारशेच्या वर कंप्युटर. एकेकापाशी जाऊन काम करायचं म्हटलं तर माणसं पुरायची नाहीत, म्हणून आमच्याकडे एक साधन आहे. त्याला एका जागेवरून सांगायचं, अमक्या गोदामातले सगळे कंप्युटर बंद करून चालू कर, तमक्यांवर नवा प्रोग्राम चढव, की ते निमूटपणे सगळीकडे जाऊन करून येतं. ऑफिसात त्याला सगळे मुकादम म्हणतात. मुकादम फार आज्ञाधारक आहे आणि हाच त्याचा दोष. त्याच्याकडे जायचं फाटक एकच. त्यातून एकदा आत आलं की कोणीही, कुठेही, काहीही सांगावं. उन्हाळ्यात आमच्यातल्या एका चांगल्या अनुभवी गृहस्थांना एक जुना कंप्युटर पुसून टाकायचा होता. यादीत त्यांचं बोट एक ओळ वर पडलं. मुकादमाने एका गोदामातले एकतीस कंप्युटर इमानेइतबारे पुसले आणि खाली लिहिलं, काम पूर्ण.

त्यानंतर आमच्या मॅनेजरांनी मला बोलावलं. ते प्रत्येक वाक्याची सुरुवात 'तूर्तास'ने करतात, म्हणून पाठीमागे त्यांचं नावच तूर्तास पडलंय. "तूर्तास," ते म्हणाले, "तुम्ही या फाटकाचं मनावर घ्या."

मी मनावर घेतलं. 'नाही' म्हणायला मला लहानपणापासून आवडतं. बाबा मला मास्तरीणबाई म्हणतात ते काही उगाच नाही. मी प्रत्येक माणसाचं नाव घेतलं, त्याचं काम पाहिलं आणि ठरवून टाकलं की याला इथे शिरता येईल, तिथे नाही. हिला बघता येईल, हात लावता येणार नाही. तीन आठवड्यांत असं देखणं फाटक उभं राहिलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

पण नवं फाटक लावायच्या आधी आमच्या धंद्यात एक रीत आहे. ते जुन्या फाटकाशेजारी नुसतं उभं करायचं. ते कोणाला अडवत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघतं आणि फक्त लिहून ठेवतं, माझ्या हाती असतं तर याला सोडलं नसतं. दादाचा फोन आला तोवर ते दहा दिवस तसं उभं राहिलं होतं आणि त्याने तीनशे अठरा नकार लिहिले होते.

दुपारनंतर मी घरून काम करते. खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर येतं, शेजारच्या खोलीत बाबांच्या झोपेचा संथ आवाज येत असतो, आणि मी ती यादी वाचत बसायचे. वाचता वाचता डोळ्यांवर गुंगी यायची. वाटायचं, एका लांबलचक व्हरांड्यात माणसं रांगेत उभी आहेत, हातात आपापलं काम घेऊन, आणि व्हरांड्याच्या टोकाला मी कडक इस्त्रीच्या कपड्यांत उभी राहून एकेकाला परत पाठवतेय. ती माणसं भांडत नव्हती. नुसती वळून जात होती. मला त्यांची दया यायला लागली.

त्या यादीत एक नाव रोज होतं. थंड गोदामात माल रवाना करणाऱ्या एक बाई. रोज पावणेतीनला त्यांचा लेबलं छापणारा प्रिंटर गोठायचा आणि त्या मुकादमाला सांगून त्याचा कंप्युटर बंद-चालू करून घ्यायच्या. कागदोपत्री त्यांचा कंप्युटरांशी काडीचा संबंध नव्हता. माझ्या फाटकाने त्यांना दहाच्या दहा दिवस नाही म्हटलं होतं. मी त्यांना फोन लावला.

"तुम्हाला ही परवानगी कोणी दिली?"

"कोणीतरी दिलीच असेल की," बाई म्हणाल्या. "नसती तर यंत्राने ऐकलं असतं का?"

"पण हे तुमचं काम नाही."

"मग पावणेतीनला तुम्ही येता का? बाहेर औषधांच्या सहा गाड्या उभ्या असतात."

मी त्यांच्या नावापुढे खूण केली आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी मी एक वही काढली. ठरवलं की घरीही तसंच करायचं. बाबांना जे जे नाही म्हणावंसं वाटेल ते म्हणायचं नाही, वहीत लिहायचं आणि पुढे काय होतं ते बघायचं. स्टुलावर चढू नका. लिहिलं. ते चढले, जाळी झाडली आणि उतरले. गॅसला हात लावू नका. लिहिलं. त्यांनी दूध तापवलं. एकदा उतू घालवलं. एकटे बाहेर जाऊ नका. हे लिहून मी खाली रेघ ओढली. ते गेले आणि मी चप्पल न घालता त्यांच्यामागून वीस पावलांवरून चालले. त्यांनी मला पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. बारा दिवसांत त्रेपन्न नकार झाले. त्यांतले खरोखर लागणारे तीन निघाले. बाकीचे पन्नास माझ्या भीतीचे होते. पण ते तीन तीनच असले तरी खोटे नव्हते, आणि दादाचा शनिवार जवळ येत होता.

एका दुपारी बाबा झोपेतून उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"ही कसली यादी?"

"कोणाकोणाला आत सोडायचं नाही त्याची."

"माणसांची आहे होय?"

"मग कोणाची असणार?"

"तिथेच चुकलीस, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "परवानगी माणसाची नसते. तुकड्याची असते."

आधी मला वाटलं, पुन्हा भरकटले. मग लक्षात आलं की ते कामाबद्दल बोलताहेत, आणि त्यांचं काम त्यांच्या डोक्यात अजून लख्ख आहे. बाबा चौतीस वर्षं रेल्वेच्या एका छोट्या स्टेशनावर केबिनमध्ये होते. एकेरी रूळ. जायलाही तोच, यायलाही तोच. आमच्या रस्त्याच्या टोकाला जे बंद स्टेशन आहे तेच ते. आता तिथे रुळांत गुडघाभर गवत आहे आणि एक बाक आहे, आणि बाबा रोज चार वाजता जातात ते त्या बाकावर बसायला.

"दोन स्टेशनांमधला रूळ म्हणजे एक तुकडा," ते सांगायला लागले. आवाजात कुठेही अडखळणं नव्हतं. "त्या तुकड्याचा एक गोळा. ड्रायव्हर कितीही मोठा असो, तीस वर्षं नोकरी झालेला असो, हातात गोळा असल्याशिवाय त्याने पुढे चाक फिरवायचं नाही. पुढच्या स्टेशनाला पोचला की गोळा तिथे द्यायचा. दिला की त्याची परवानगी संपली. उद्या पुन्हा यायचं, पुन्हा मागायचा."

"तुम्हीच द्यायचात ना गोळा? मग तुमच्या मर्जीचंच की."

"छे! माझ्या एकट्याच्या हातात नव्हतंच ते. मी इकडून घंटी द्यायची, पलीकडच्याने त्याच्या यंत्रावर हात दाबून धरायचा, तेव्हा कुठे माझ्या यंत्रातून गोळा सुटायचा. दोन्ही टोकांनी हो म्हटल्याशिवाय नाही."

"पलीकडचा माणूस तुमच्या ओळखीचा असायचा?"

"चौतीस वर्षांत त्याला एकदा पाहिलं. तेही पाठमोरं. ओळख लागत नाही ग. ड्युटीवर कोण आहे, एवढंच बघायचं असतं."

मग ते आत गेले आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून त्यातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. पोलादी गोळा, मोठ्या मुठीएवढा. त्यावरची अक्षरं इतकी झिजलेली की बोटांनीच वाचावी लागत होती.

"हा चोरलात तुम्ही?"

"लाईन बंद झाली त्या दिवशी शेवटच्या ड्रायव्हरने हा माझ्या हातात दिला. पुढे यंत्रंच काढून नेली त्यांनी. परत कोणाला करणार?" असं म्हणून त्यांनी तो माझ्या टेबलावर, माझ्या माउसशेजारी ठेवला.

मी देखणं फाटक पाडलं. खरंच पाडलं, तीन आठवड्यांचं काम एका दुपारी पुसून टाकलं आणि मला जराही वाईट वाटलं नाही. नव्या फाटकाला माणसांच्या नावांची यादीच नव्हती. ज्याला काम आहे त्याने मागायचं: कुठला कंप्युटर, कुठलं काम, किती वेळ. दोन माणसांनी हो म्हणायचं, एक मागणाऱ्याच्या बाजूचा आणि एक यंत्रांच्या बाजूचा. काम झालं की परवानगी आपोआप परत. गोदामातल्या बाईंना रोज पावणेतीनला त्यांच्या प्रिंटरच्या कंप्युटरचा दहा मिनिटांचा तुकडा मिळायचा, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही.

घरातही तेच केलं. माझ्या टेबलावर एक पितळी वाडगा ठेवला, त्यात गोळा. बाबांना बाहेर जायचं असलं की त्यांनी गोळा मागायचा. पलीकडचं टोक म्हणून मी बंद स्टेशनासमोरच्या सलूनवाल्याला गाठलं. तो बाबांच्या केसांना वीस वर्षं कात्री लावतोय.

"मी फोन केला की तुम्ही सांगायचं, दुकान उघडं आहे, तुम्ही दारात आहात. मग मी त्यांना सोडणार. ते बाकावर पोचले की मला कळवायचं. निघाले की पुन्हा."

"म्हणजे मला स्टेशनमास्तर केलंत," तो म्हणाला. "टोपी मिळणार का?"

"केस कापायचे सोडून टोपी घालून बसाल."

"निम्म्या गिऱ्हाइकांना कापायला आहेतच कुठे केस, ताई?"

त्यानंतरचे दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. चार वाजता बाबा कोट घालून माझ्या टेबलापाशी येत. मी सलूनला फोन लावी. "लाईन मोकळी आहे?" "मोकळी. पाठवा." बाबा गोळा उचलत, खिशात घालत, आणि कोटाची ती बाजू खाली ओढली जाई. तसेच थोडे कललेले ते पिवळ्या उन्हातून रस्ता चालू लागत. मी स्क्रीनकडे वळे. तिथेही, जुन्या फाटकाशेजारी तालमीला उभ्या केलेल्या नव्या फाटकातून, परवानग्या सुटत होत्या, कोणी दहा मिनिटांसाठी, कोणी तासाभरासाठी, काम करून परतत होत्या. किती तरी वेळा मला नीट कळायचंच नाही की मी कोणाची वाट बघतेय, गोदामातल्या कंप्युटरची की बाबांची. सलूनवाल्याचा फोन यायचा, "पोचले." मग अर्ध्या तासाने, "निघाले." आणि मग वाडग्यात टण्ण आवाज. त्या आवाजाने मला जी शांतता मिळायची ती याआधी कधी मिळाली नव्हती. मी सुखात होते, हे स्पष्ट सांगते, कारण पुढे जे झालं ते त्या सुखामुळेच झालं.

एका बुधवारी सकाळी अकराला आम्ही नवं फाटक चालू केलं आणि जुनं काढून टाकलं. तासभर सगळं सुरळीत. बारा वाजता कोणालाच आत जाता येईना. मीच हुशारी केली होती. 'हो' म्हणायचा अधिकारही एक परवानगीच की, म्हणून त्यालाही मी वेळेची मर्यादा घातली होती. हो म्हणणाऱ्या दोघांचीही मुदत एकाच क्षणी संपली होती, आणि नवी मुदत मिळायला प्रत्येकाला दुसऱ्याचा होकार हवा होता.

तूर्तास माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "तूर्तास आत कोण आहे?"

"कोणीच नाही."

"तुम्ही?"

"मीही बाहेरच."

शेवटी आमच्यातला एक जण हातात कीबोर्ड घेऊन यंत्रांच्या खोलीत गेला आणि मुख्य कंप्युटरसमोर जमिनीवर मांडी घालून त्याने फाटक हाताने उघडलं. तोवर गोदामांनी दोन तास हाताने लेबलं लिहिली. घरी येऊन हे बाबांना सांगितलं तर ते खोकला येईपर्यंत हसले. "दोन्ही टोकांना एकदम सुट्टी दिलीस! अग, सुट्टीवर जाणाऱ्याच्या जागी बदली माणूस आधी बसवायचा असतो."

मी बदली माणूस बसवला. ऑफिसात. घरी बसवायचं मला सुचलं नाही.

सोमवारी सलून बंद असतं. त्या दिवशी मी स्वतः बाबांबरोबर जायचे. पण पुढच्या सोमवारी चार वाजता माझ्या कानाला हेडफोन होते आणि बुधवारच्या गोंधळाची मीटिंग चालू होती. सहा जण मला प्रश्न विचारत होते. बाबा कोट घालून आले. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्यांनी गोळा उचलला. पलीकडच्या टोकाला विचारायचं असतं हे जिने नव्या फाटकाच्या शंभर पानी नियमांत लिहून ठेवलं होतं, तिने विचारलं नाही.

पाच वाजता मी वाडग्याकडे पाहिलं. वाडगा रिकामा होता. मी तशीच धावत सुटले. बाक रिकामा, सलूनचं शटर खाली. साडेसहाला ते सापडले, बंद रुळांवरून पार दीड तासाच्या अंतरावर. गवतात एका दगडावर बसले होते, बुटांत चिखल, दोन्ही हातांत गोळा. मला बघून रडकुंडीला आले. बाबांना असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"पुढचं स्टेशन आलंच नाही ग," ते म्हणाले. "हा कोणाला देऊ?"

मी तो त्यांच्या हातातून घेतला. मग हात धरून त्यांना उठवलं.

दादाला हे लपवता आलं असतं. मी लपवलं नाही. तो शनिवारी सकाळी आला. कुलपाचं खोकं टेबलावर ठेवलं, वाडग्याशेजारीच. दुपारी जेवताना आम्ही बाबांसमोर हवापाण्याच्या गप्पा मारल्या. चार वाजता बाबा कोट घालून आले आणि दादाने माझ्याकडे पाहिलं.

"आज शेवटचं जाऊ दे," मी म्हटलं. मग सलूनला फोन लावला. दुकान उघडं होतं, तो दारात होता. बाबा गोळा घेऊन गेले.

"तुझी पद्धत चांगली आहे," दादा खोकं उघडत म्हणाला. त्याच्या आवाजात चिडणं नव्हतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं. "पण ती बाबांना कळतेय तोवरच चांगली. उद्या त्यांनी तुलाच ओळखलं नाही तर?"

खरं तर गेल्या महिन्यात तसं दोनदा झालंही होतं, काही क्षणांपुरतं. "बाबा, मी आहे, मी," असं मी म्हटलं होतं आणि त्यांचा चेहरा भीतीने आणि शरमेने इतका कसनुसा झाला होता की मी ते दादाला सांगितलं नव्हतं. वहीतही लिहिलं नव्हतं.

दादाने स्क्रू ड्रायव्हर घेतला. सलूनवाल्याचा फोन आला, "निघाले." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

ते दिसले. थोडे कललेले, संथ, वेळेवर. फाटक ढकलून आत आले आणि व्हरांड्याच्या पायरीशी थांबले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं ते अगदी अदबीने, नवख्या माणसाकडे बघावं तसं.

"नमस्कार," ते म्हणाले. "ड्युटीवर आपणच का?"

"बाबा" हा शब्द ओठांपर्यंत आला आणि मला त्यांचा तो कसनुसा चेहरा आठवला. मी तो शब्द गिळला.

"हो," मी म्हटलं. "मीच."

"हा घ्या." त्यांनी गोळा खिशातून काढून माझ्या हातात दिला. त्यांचा हात जराही थरथरत नव्हता. "मागचा तुकडा मोकळा. आता पुढचा द्या म्हणजे निघतो. घरी जायचंय. मुलगी वाट बघत असेल. जरा कडक आहे, उशीर चालत नाही तिला."

घराचा उंबरा त्यांच्यापासून चार पावलांवर होता.

"थांबा हं," मी म्हटलं. "पुढे विचारावं लागेल."

"अर्थात," ते म्हणाले. "विचारल्याशिवाय कसं?"

मी मोबाईलवर दादाचा नंबर लावला. घरात त्याची रिंग वाजलेली मला दोन्हीकडून ऐकू आली.

"काय ग?" दादा म्हणाला.

"घर का?" मी विचारलं. "इथे एक गाडी उभी आहे. तिला घरी यायचंय. लाईन मोकळी आहे का?"

लहानपणी आम्ही दोघं हा खेळ जेवणाच्या टेबलाखाली खेळायचो, काड्यापेट्यांच्या गाड्या आणि चमच्यांच्या घंट्या घेऊन. पलीकडचं स्टेशन नेहमी दादा असायचा. तो विसरला असेल असं मी धरून चालले होते. मग आत स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"घर बोलतंय," दादा म्हणाला. "लाईन मोकळी आहे. पाठवा."

मी गोळा बाबांच्या हातात दिला. त्यांनी झिजलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, मान हलवली आणि चार पावलं चालून उंबरा ओलांडला. मी बाहेरच राहिले. खिडकी उघडी होती.

"हा घ्या," ते आत दादाला सांगत होते. "अलीकडच्या स्टेशनावर एक बाई आहेत. फार नियमाच्या. विचारल्याशिवाय सोडलं नाही मला. आमच्या मास्तरणीची आठवण झाली बघा."

वाडग्यात टण्ण आवाज झाला. त्यामागून पुठ्ठ्याचं खोकं बंद केल्याचा. कुलूप कधी ना कधी लागेल, हे मलाही कळतं आणि दादालाही. तूर्तास त्याने ते बॅगेत परत ठेवलं होतं.

मी व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होते तेव्हा माझा मोबाईल वाजला.

"घर बोलतंय," दादा म्हणाला. "तिकडे आणखी एक गाडी आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "पण ती जरा लेट आहे."

"असू दे. लाईन मोकळी ठेवतो," तो म्हणाला, आणि त्याने फोन चालूच ठेवला.